अनोळखी लिनक्स डिस्ट्रो रोजच्या वापरात घेण्याआधी कशी पारखायची

डिस्ट्रो म्हणजे लिनक्सवर उभी केलेली, तयार बांधून दिलेली संगणक प्रणाली. जानेवारी २०२३ मध्ये सोलस या लिनक्स डिस्ट्रोचं संकेतस्थळ, तिथली चर्चेची जागा आणि विकासाची यंत्रणा एकदम बंद पडली. ज्यांच्या लॅपटॉपवर सोलस होतं, त्यांचं मशीन नेहमीसारखंच सुरू होत होतं. फाइली उघडत होत्या, गाणी वाजत होती. फक्त अपडेट येईनात. आठवडे गेले, महिने गेले, आणि ज्या ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार व्हायचे तो जुनाच राहिला. एप्रिलमध्ये जुन्या-नव्या माणसांनी मिळून काम पुन्हा हाती घेतलं, जुलैत ४.४ ही आवृत्ती आली आणि गाडी रुळावर आली.

लिनक्सकडे नव्याने वळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा प्रसंग सांगतो. डिस्ट्रो निवडणं हे दुधाचा रतीब लावण्यासारखं आहे. पहिल्या दिवशीचं दूध दाट आहे का, हे कुणीही बघतं. पण गवळी आषाढातल्या पावसातही दारात येतो का, तो आजारी पडला तर घरातलं दुसरं कुणी दूध घालून जातं का, हे कळायला चौकशी करावी लागते आणि थोडे दिवस जावे लागतात. उबंटू, मिंट, फेडोरा यांच्याबद्दलची ही चौकशी हजारो लोकांनी आपल्या आधीच केलेली आहे. कमी ओळखीच्या डिस्ट्रोबद्दल ती आपली आपणच करायची असते. ती कशी करायची हे सोलसचं उदाहरण धरून सांगतो. व्हॉइड, मजेया, ओपनमँड्रिव्हा, पीसीलिनक्सओएस यांपैकी काहीही मनात असलं तरी रीत हीच.

सोलसची ओळख थोडक्यात. आयकी डोहर्टी यांनी हे काम सुरू केलं आणि १.० आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली. डेबियन किंवा फेडोरासारख्या दुसऱ्या कुठल्या डिस्ट्रोवर ती उभी नाही, सगळं मुळापासून स्वतःचं. सॉफ्टवेअर घालण्या-काढण्याचं तिचं साधन ईओपीकेजी. ते तुर्कस्तानच्या पारदुस डिस्ट्रोतल्या पिसी या साधनातून आलेलं. बजी हा सुटसुटीत डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा दर्शनी भाग, सोलसमध्येच जन्मला. ती सर्व्हरसाठी बनवलेलीच नाही. घरच्या संगणकासाठी आहे आणि ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवरच चालते. एकदा बसवली की दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती बसवायची गरज पडत नाही, अपडेट थोडेथोडे येत राहतात.

पहिली पायरी: आपल्या कामांची वही

डाउनलोड करायच्या आधी एक आठवडा वही जवळ ठेवा. संगणकावर जे जे कराल ते लिहा. ‘इंटरनेट’ असं मोघम लिहू नका. ‘वीजबिल भरलं’, ‘बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवलं’, ‘सोसायटीची नोटीस मराठीत टाइप करून छापली’, ‘मोबाइलमधले फोटो काढून घेतले’, ‘मुलीचा ऑनलाइन तास, त्यात कॅमेरा चालू’ असं लिहा. आठवड्याच्या शेवटी पंचवीस-तीस नोंदी होतील. त्यातल्या बहुतेक ब्राउझरमध्येच होणाऱ्या निघतात, आणि त्या कुठल्याही लिनक्सवर होतात.

अडतं ते उरलेल्या चार-पाच नोंदींवर. टॅली लिनक्ससाठी निघत नाही. आधार पडताळणीची बोटांच्या ठशांची यंत्रं प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड धरून बनलेली असतात. ई-निविदा भरणारे कंत्राटदार, कर सल्लागार यांच्याकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी तो बहुधा डेब किंवा आरपीएम या बांधणीत मिळतो. डेब ही उबंटू-डेबियनची बांधणी, आरपीएम फेडोरा आणि तिच्या भावकीची. सोलस यांपैकी कुठल्याच घरची नाही, त्यामुळे ती फाइल तिथे सरळ बसत नाही. स्वतंत्र डिस्ट्रो घेताना नवख्या माणसाला सर्वांत जास्त ठेच इथेच लागते. कंपनीच्या पानावर ‘लिनक्ससाठी उपलब्ध’ असं वाचून तो निश्चिंत होतो, आणि हातात डेब फाइल घेऊन थांबतो.

छपाईचंही तसंच. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून ग्रामपंचायतीपर्यंत कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर फार दिसतो. तो कॅप्ट नावाची कॅननची स्वतःचीच भाषा बोलतो, पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल त्याला कळत नाही. कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला आहे, पण तोही डेब-आरपीएममध्येच. हा प्रिंटर घरी असेल तर वहीत त्याच्यापुढे ठळक खूण करा. वायफायवरून मोबाइलने थेट छापता येतं असे अलीकडचे प्रिंटर मात्र बहुधा कुठल्याही नव्या डिस्ट्रोत वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांसाठी एचपीएलआयपी हे साधन आहे. ते आपल्या डिस्ट्रोच्या रेपोत, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअरच्या कोठारात, आहे का एवढंच बघायचं.

तर वहीतल्या नोंदींपुढे तीनपैकी एक खूण करा: ब्राउझरमध्ये होतं, रेपोतल्या किंवा फ्लॅटपॅकच्या सॉफ्टवेअरने होतं, विंडोजशिवाय होत नाही. तिसऱ्या खुणेची एक जरी नोंद पोटापाण्याशी जोडलेली असेल तर विंडोज पुसू नका. दोन्ही शेजारी ठेवा. फ्लॅटपॅक म्हणजे कुठल्याही डिस्ट्रोवर चालेल अशी सॉफ्टवेअरची स्वतंत्र बांधणी. छोट्या डिस्ट्रोचा तो मोठा आधार आहे, कारण तिचा स्वतःचा रेपो लहान असतो. डेबियन १२ मध्ये ६४,००० हून अधिक पॅकेजं आहेत. सोलसचा संघ मुद्दामच निवडक ठेवतो.

दुसरी पायरी: रतीब घालणारे कोण

या पायरीला पूर्ण एक संध्याकाळ द्या. डेस्कटॉप कसा दिसतो यावर लोक तासन्‌तास घालवतात, आणि डिस्ट्रो चालवणारी माणसं कोण हे दहा मिनिटंही बघत नाहीत.

डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावरच्या क्रमवारीवरून काही ठरवू नका. तिथल्या पानाला किती जणांनी भेट दिली यावर ती क्रमवारी लागते. किती जण ती डिस्ट्रो वापरतात हे तिच्यावरून कळत नाही. त्या संकेतस्थळाचा खरा उपयोग वेगळा आहे: प्रत्येक डिस्ट्रोच्या जुन्या आवृत्त्यांच्या तारखा आणि बातम्या तिथे एका जागी सापडतात.

पहिली चाचणी फायरफॉक्सची. त्याची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. तुमच्या डिस्ट्रोच्या रेपोत आज कुठली आवृत्ती आहे ते रेपॉलॉजी या संकेतस्थळावर बघा. तिथे शेकडो रेपोंमधल्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. काही डिस्ट्रो मुद्दाम फायरफॉक्सची ईएसआर ही लांब पल्ल्याची आवृत्ती ठेवतात. त्यांच्या बाबतीत ईएसआरच्या तारखांशी ताडून बघा. दोन-चार दिवसांचा उशीर चालेल. महिनाभर मागे असेल तर त्या डिस्ट्रोवरून बँकेत शिरू नका, इतकं मी स्पष्ट सांगेन.

दुसरी चाचणी एका ठरावीक तारखेची. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट पेरली आहे. दूरच्या मशीनवर लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना ती त्यांना सापडली. जगभरच्या डिस्ट्रोंची त्या रात्री धावपळ झाली. तुम्ही पारखत असलेल्या डिस्ट्रोच्या बातम्यांत, ब्लॉगवर किंवा चर्चेत त्या तारखेच्या आसपास जा. ‘आमच्याकडे ती आवृत्ती नव्हती’ एवढी एक ओळ असली तरी ते उत्तर आहे. काहीच लिहिलेलं नसेल, तर संकटाच्या दिवशी तिथे जागं कुणी नव्हतं असं समजा.

मग माणसं मोजा. बदलांची नोंद बहुतेक ठिकाणी उघडी असते. गेल्या तीन महिन्यांत किती वेगवेगळ्या नावांनी बदल केले आहेत? सगळे बदल एकाच नावाचे असतील तर तो माणूस कितीही हुशार असो, त्याचंही आजारपण असतं, लग्न असतं, नोकरी बदलते. व्हॉइड लिनक्सचं २०१८ मध्ये हेच झालं. संस्थापक महिनोन्‌महिने कुणाच्या संपर्कात नव्हते आणि संकेतस्थळाच्या पत्त्याचा, गिटहबवरच्या खात्याचा ताबा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. उरलेल्या मंडळींनी नवा पत्ता घेतला, नवं खातं उघडलं आणि काम तिकडे हलवलं. व्हॉइड आजही चालू आहे, आणि त्या वर्षाने तिला किल्ल्या एकापेक्षा जास्त माणसांकडे ठेवायला शिकवलं. सोलसचे संस्थापकही २०१८ मध्ये बाजूला झाले, आणि २०२२ च्या सुरुवातीला सोलसच्या मुख्य माणसांपैकी जॉश स्ट्रोबल बाहेर पडून बजीचा वेगळा संघ झाला. म्हणून २०२३ मधली बंदी मी सोलसच्या विरोधात मोजत नाही. पडून उठलेल्या डिस्ट्रोचा इतिहास समोर असतो: कोण परत आलं, काय बदललं, किल्ल्या आता कुणाकडे आहेत, हे सगळं वाचता येतं. कधीच न पडलेल्या दोन वर्षांच्या डिस्ट्रोबद्दल तसं काही वाचायला मिळत नाही.

डिस्ट्रो कुणाच्या पायावर उभी आहे हेही विचारा. अँटर्गॉस ही आर्च या दुसऱ्या डिस्ट्रोवर उभी असलेली डिस्ट्रो मे २०१९ मध्ये बंद झाली. तिच्या वापरकर्त्यांना अपडेट आर्चच्याच रेपोतून मिळत असल्यामुळे त्यांची मशीनं अडली नाहीत, आणि त्यांच्यातूनच दोन महिन्यांत एंडेव्हरओएस उभी राहिली. स्वतंत्र डिस्ट्रो बंद पडली तर असा मागचा आधार नसतो. मागे कंपनी आहे म्हणून बिनधास्त राहता येत नाही, हे इंटेलच्या क्लिअर लिनक्सने दाखवलं: जुलै २०२५ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्याही तिथपासूनच थांबल्या. आपल्या सी-डॅकची बॉस लिनक्स डेबियनवर उभी आहे, म्हणजे तिला हा पाया मिळालेला आहे.

या सगळ्या चौकशीनंतर ‘नको’ असं उत्तर आलं तर इथेच थांबा. पेनड्राइव्हही खर्ची पडलेला नसतो.

तिसरी पायरी: फाइल उतरवणं आणि ताडणं

फाइल डिस्ट्रोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. टोरेंट दिलेला असेल तर तो उत्तम. लाइट गेली तरी उतरलेला भाग वाया जात नाही. फाइल उतरली की तिचा शा-२५६ आकडा (फाइलीत जरा जरी बदल झाला तरी बदलणारा तिचा ठसा) काढा आणि संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा ते करते, लिनक्समध्ये शा-२५६-सम.

हे काम लोक कंटाळून सोडून देतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि मिंट १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडचा दुवा बदलून चोरवाट पेरलेल्या फाइलकडे वळवला. मिंटसारख्या नावाजलेल्या ठिकाणी हे घडलं. जो घुसला तो त्याच पानावरचा आकडाही बदलू शकतो, म्हणून डिस्ट्रो जीपीजी सही (बनवणाऱ्याच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही) देत असेल तर ती तपासायला शिका. पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर दोन मिनिटं.

चौथी पायरी: न बसवता चालवून बघणं

आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. मी व्हेंटॉय वापरायला सांगतो: ते एकदा बसवलं की पेनड्राइव्हवर हव्या तितक्या डिस्ट्रोंच्या फाइली नुसत्या कॉपी करायच्या आणि सुरू होताना यादीतून निवडायचं. सोलससोबत मिंटची फाइलही त्यावर असू द्या. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला ती उपयोगी पडते.

लॅपटॉप सुरू होताना डेल, लेनोव्हो, एसर यांच्यावर बहुधा एफ-१२ आणि एचपीवर एफ-९ दाबलं की कशावरून सुरू व्हायचं ते विचारतो. सुरूच होत नसेल तर सिक्युअर बूटमुळे, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणाऱ्या मशीनच्या सोयीमुळे, असू शकतं. पण त्याला हात लावण्याआधी सहावी पायरी वाचा.

लाइव्ह, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवताना वेगावरून मत बनवू नका. पेनड्राइव्हवरून सगळंच सावकाश चालतं. इथे बघायचं ते यंत्र आणि डिस्ट्रोचं जमतं का. वायफाय दिसतं का, आणि घराच्या दुसऱ्या टोकालाही टिकतं का. उजेड कमी-जास्त करायच्या कळा, आवाज, इअरफोन लावल्यावर आवाज तिकडे जातो का. ब्लूटूथ. कॅमेरा आणि माइक ब्राउझरमधल्या प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का. टीव्हीला एचडीएमआय लावून बघा. आणि झाकण मिटवा, दहा मिनिटांनी उघडा: स्क्रीन परत आली पाहिजे, वायफायही परत जोडलं गेलं पाहिजे. झाकण उघडल्यावर काळी स्क्रीन राहणं ही रोज छळणारी गोष्ट आहे, तिच्याकडे ‘बघू नंतर’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

चार जीबी रॅमचं मशीन असेल तर ब्राउझरमध्ये तुमच्या नेहमीच्या आठ-दहा टॅब उघडून ठेवा आणि सिस्टिम मॉनिटरमध्ये किती मेमरी उरते ते लिहून घ्या. मग एक्सएफसीई डेस्कटॉपवाली आवृत्ती चालवून तेच बघा. बजी, ग्नोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई अशा चारही तऱ्हा सोलसमध्ये मिळतात.

पाचवी पायरी: मराठी

इंग्रजीतली परीक्षणं या बाबतीत आपल्याला काहीच सांगत नाहीत, म्हणून ही परीक्षा आपण घ्यायची. लाइव्ह चालू असतानाच लिब्रेऑफिस उघडा आणि हे वाक्य लिहा: ‘कऱ्हाडच्या दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेत वाऱ्यासारखी बातमी पोचली की ॲपवर हृद्य शब्दांत शुद्धलेखन शिकवणार आहेत.’

आता डोळे बारीक करून बघा. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा डावीकडे आलाय की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर गेलाय? ‘ॲ’ मधला चंद्र अ वर नीट बसलाय की शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतंय? ‘द्ध’, ‘हृ’ जुळलेत का? आणि ल, श यांची वळणं मराठी आहेत की हिंदी? काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ ठरवली की आपली दिसतात. म्हणून लिब्रेऑफिसमध्ये भाषा बदलूनही बघा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका, रेपोतून नोटो किंवा लोहितचे देवनागरी फाँट घातले की काम होतं. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) जोडाक्षरं तुटलेली दिसली तर तो दोष डिस्ट्रोच्या माथी मारू नका. बहुतेक टर्मिनलांचं देवनागरी कच्चंच आहे.

टाइप कसं करणार हा पुढचा प्रश्न. इनस्क्रिप्ट येत असेल तर तुम्ही सुखी: सरकारी मानक असलेला तो कळफलक जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोत आधीपासून असतो, सेटिंगमध्ये भारतीय कळफलकांच्या यादीत मराठी निवडायचा. शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ ची कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो, शिफ्ट धरून ‘एन’ ची दाबली की ‘ळ’. इंग्रजी अक्षरांतून उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स आणि त्यासोबत एम-१७-एन हे घटक लागतील. ते रेपोत आहेत याची खात्री करा. मोबाइलसारखे अंदाज ते सुचवत नाहीत, ठरलेल्या नियमांनी अक्षर उमटतं, त्यामुळे हात बसायला आठवडा लागतो.

चाचणी तीन ठिकाणी घ्या: लिब्रेऑफिस, ब्राउझर आणि तुम्ही वापरता ते निरोपांचं ॲप. एका ठिकाणी मराठी उमटतं आणि दुसऱ्यात उमटत नाही, असं खरोखर होतं. मग मराठी कळफलक चालू असतानाच स्क्रीन लॉक करा. पासवर्डची अक्षरं देवनागरीत जात असतील तर मशीन तुम्हाला आत घेणार नाही. लॉकच्या पडद्यावर कळफलक बदलायचं चिन्ह आहे का, हे घरातलं कुणी अडकण्याआधी माहीत असलेलं बरं.

डीटीपीच्या जुन्या फाइली युनिकोडपूर्व फाँटांत असतील तर त्या कुठल्याच डिस्ट्रोत नीट दिसणार नाहीत. आधी त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, ते काम विंडोजवर असतानाच उरकणं सोपं.

सहावी पायरी: बसवणं

जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर बसवा. नाहीतर मशीनमध्ये दुसरी एसएसडी घाला. दोन्ही शक्य नसेल तरच विंडोजच्या शेजारी जागा करा, आणि त्याआधी बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फाइलींची प्रत काढा. काढलेली प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय ती प्रत धरू नका.

अलीकडच्या विंडोज लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, अनेकांना याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ४८ अंकी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच काढून कागदावर लिहा. माझ्या एका शेजाऱ्यांच्या मशीनवर आम्ही हे विसरलो आणि किल्ली शोधण्यात अख्खा रविवार गेला, कारण ते खातं त्यांच्या मुलाच्या जुन्या ईमेलवर होतं.

बसवण्याचे पडदे आता सोपे आहेत. सोलसने ४.५ पासून कॅलामारेस हे बसवण्याचं साधन घेतलं आहे. मांजारो, एंडेव्हरओएस, लुबुंटू यांतही तेच असल्यामुळे एकदा शिकलेलं सगळीकडे कामी येतं. डिस्कचा पडदा आला की हात थांबवा आणि कुठली डिस्क निवडली आहे तिचं नाव, आकार मोठ्याने वाचा.

दोन्ही प्रणाली शेजारी ठेवल्यावर विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. मशीन बिघडलेलं नसतं. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेने आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं.

सातवी पायरी: एक महिना

आता वही पुन्हा काढा. महिनाभर रोजचं काम याच मशीनवर करा आणि जिथे अडलं, जिथे विंडोजकडे वळावं लागलं, ते तारखेसह लिहा.

सोलसमध्ये अपडेट साधारण शुक्रवारी एकत्र येतात. शनिवारी सकाळी, हाताशी वेळ असताना ते घ्या. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री घेऊ नका. पहिला अपडेट मोठा असतो, कारण फाइल बनली त्यानंतरचे सगळे बदल एकदम येतात. गावाकडे मोबाइलच्या डेटावर काम चालत असेल तर दर आठवड्याला किती एमबी गेले ते मांडा. फ्लॅटपॅकचे पहिले एक-दोन प्रोग्रामही बराच डेटा खातात, कारण त्यांचं सामायिक सामान सोबत उतरतं. सतत अपडेट होणारी डिस्ट्रो कुणाला परवडते आणि कुणाला नाही, हे मी बहुतेक वेळा या आकड्यावरूनच ठरवतो. डेटा तुटपुंजा असेल तर डेबियनवर उभी असलेली, कमी हलणारी एमएक्ससारखी डिस्ट्रो बरी.

दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम एक काम करा: अपडेट उलटवून बघा. ईओपीकेजी प्रत्येक बदलाचा क्रमांक नोंदवून ठेवतं आणि त्या क्रमांकापर्यंत मागे जाता येतं. काही बिघडलेलं नसताना हे एकदा केलेलं असेल तर खरोखर बिघडेल तेव्हा हात थरथरणार नाहीत. सुरू होताना जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडता येतो का, तेही बघा.

रात्री झोपताना बॅटरी किती टक्के आहे ते लिहून झाकण मिटवा, सकाळी पुन्हा बघा. तीन रात्री करा. रात्रीतून पाच-सात टक्के उतरणं ठीक. तीस-चाळीस उतरत असतील तर मशीन झोपतच नाहीये. त्याचं कारण बहुधा कर्नल आणि त्या मॉडेलच्या जोडीत असतं, आणि तेच मॉडेल वापरणारा दुसरा कुणीतरी उत्तर देऊन गेलेला असतो.

आणि एक प्रश्न विचारा, सोलसच्या चर्चेच्या जागी, खराखुरा अडलेला प्रश्न. मशीनचं मॉडेल, डेस्कटॉप, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे पाच भाग सोप्या इंग्रजीत लिहा. उत्तर किती तासांत आलं, कोणत्या सुरात आलं, हे वहीत नोंदवा. छोट्या डिस्ट्रोत कित्येकदा ते सॉफ्टवेअर बांधणारा माणूसच उत्तर देतो.

महिना संपला की वही वाचा. तिसऱ्या खुणेची कामं सोडून बाकी सगळी झाली असतील, चार शुक्रवारचे चार अपडेट नीट आले असतील आणि झाकण उघडल्यावर स्क्रीन परत येत असेल, तर मुक्काम तिथेच करा. नाहीतर व्हेंटॉयवर मिंट आहेच. बाहेरच्या डिस्कवरची प्रत ताजी करा आणि बदलून टाका.

मुक्काम करणार असाल तर रेपोत काय नाही याची यादी करा. सोलसच्या संघाकडे नव्या पॅकेजची मागणी नोंदवता येते; मागणीत ते सॉफ्टवेअर मुक्त आहे का, त्याचा मूळ पत्ता काय, फ्लॅटपॅकने भागत नाही ते का, एवढं लिहायचं. मराठी शुद्धलेखन तपासणीचा हनस्पेल कोश रेपोत शोधा, आणि नसेल तर पहिली मागणी त्याचीच करा.